हं म्हणणारी भिंत

६ जानेवारी २००२, रविवार

चोवीस स्पीकर पाहिजेत — आणि स्टेज नाही, पुढारी नाही, नवरदेव नाही!

जालन्याच्या केशवराव वकिलांची मुलगी शरयू आज दुकानावर आली होती. बडोद्याला चित्रकला शिकली, पण चित्रं काढत नाही म्हणे. मग करते काय? तर आवाजाची मांडणी. एमआयडीसीत बियाण्याचं एक बंद पडलेलं गोदाम तिला महिनाभरासाठी मिळालंय. चारी भिंतींना स्पीकर लावायचे, खिडक्या काळ्या कापडानं झाकायच्या आणि एकेका माणसानं आत जाऊन नुसतं ऐकायचं. बस्स.

आवाज किती ठेवायचा, विचारलं. म्हणाली, शेजारी बसलेला माणूस बोलतो तेवढा. वडीगोद्रीत वीस वर्षं लाउडस्पीकर भाड्यानं देतोय, आजवर एकाही गिऱ्हाइकानं आवाज कमी मागितला नव्हता. तरी हो म्हणालो. आता पौष लागेल, लग्नं नाहीत, भोंगे नुसते धूळच खाणार.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "मांडणी म्हंजे, भांड्याची असती तशी?" चुलीपुढं बसलेली माय हसली असावी. पाठ होती माझ्याकडं, त्यामुळं नक्की सांगता येत नाही.

७ जानेवारी, सोमवार

माय सकाळी भिंतीला म्हणाली, "त्याला म्हनावं गारठा लई हाये, सुटर घालून जाय."

स्वेटर घातला.

१० जानेवारी, गुरुवार

तारखेनं आज दादांना जाऊन तीन वर्षं झाली. मायच्या अबोल्यालाही जवळजवळ तेवढीच.

ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. त्या दिवशी सकाळी दादांचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. भोंगे वाजवत हिंडण्यापेक्षा रानात ये, म्हणाले. वडिलांना बोलू नये ते मी बोललो आणि भोंगे घेऊन चौकात निघून गेलो. तिथं संध्याकाळी सभा होती. दुपारी माझं माइक टेस्टिंग चालू असताना घरी दादांच्या छातीत कळ आली. चौक आणि आमचं घर, मधे तीन गल्ल्या. माय सगळ्यांना सांगत आली की दारात उभी राहून हाका मारल्या, घसा फुटला, पण धर्मानं, म्हणजे मी, ऐकलं नाही.

ऐकलं नाही! कानावर आलं नाही, तरी ऐकलं नाही. कानावर येऊन मनावर घेतलं नाही, तरी ऐकलं नाहीच. दोन्हीला आपल्याकडं एकच बोलणं. मी पहिल्या अर्थानं म्हणतो, गाव दुसऱ्या अर्थानं घेतं. सकाळचं भांडण मात्र सगळ्या गल्लीनं बराबर ऐकलं होतं.

दहावा झाल्यावर मी चौकात दोन भोंगे बांधले, बेबीनंदाला दारात उभं केलं आणि माझ्या नावानं हाका मारायला लावल्या. नवऱ्याचं नाव घ्यायला ती लाजत होती, तर "अहो" म्हणून ओरड म्हटलं. भोंगे चालू असताना काही ऐकू आलं नाही. बंद केले तर आलं. पुन्हा चालू केले. असं पाच-सहा वेळा. शेवटी ती रडायला लागली. माय उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. बघितलं आणि आत निघून गेली. तेव्हापासून ती मला सांगायचं ते भिंतीला सांगते.

सासवा-सुनांत असं चार दिवस चालतं, भावाभावांत महिनाभर. भिंत मधे घेतली की अबोलाही टिकतो आणि घरही चालतं. जेवून घे, पत्र्याला गळती लागलीय, आष्टीच्या मावशीकडं बारसं आहे — सगळं मला भिंतीकडून कळतं. फक्त माझं नाव तिच्या तोंडी येत नाही. मी थेट बोलून पाहतो. ती पदर सारखा करते आणि उठून जाते. वाईट वाटतं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्यानं असं लिहू नये, पण वाटतं.

१२ जानेवारी, शनिवार

आज स्पीकर घेऊन जालन्याला गेलो. गोदाम चांगलं लांबरुंद आहे. कोपऱ्यात अजून मक्याचे दाणे सापडतात. पलीकडं रोलिंग मिल, तिची धडधड पायातून वर येते. चोवीस स्पीकर बैठ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावायचे, शरयूताई म्हणाल्या. भोंगा उंच बांधायचा एवढंच मला माहीत. जमिनीवर बसून खिळे ठोकायची पहिलीच वेळ.

लावून झाल्यावर त्यांनी मला मधोमध उभं केलं आणि सीडी चालू केली. बियाणं चाळायच्या यंत्राचा आवाज. जाळीवरून दाणे पळत होते. आधी डावीकडं, मग पाठीमागं, मग अगदी मानेजवळून पुढं गेले. मी वळून पाहिलं! वीस वर्षांचा धंदा, आणि पाहतो काय, तर भिंतीवर माझाच स्पीकर.

कार्यक्रम कधी सुरू व्हायचा, विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही वळून पाहिलंत तो झाला कार्यक्रम.

आपलं काम म्हणजे आवाज फेकायचं. ज्याच्या अंगावर पडेल त्याच्या पडेल. हिनं आवाज चोहीकडून आणला आणि मधे माणसाला जागा ठेवली. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. परत येताना टेम्पोत मागच्या साखळीचा आवाज वेगळा, फाळक्याचा वेगळा, रस्त्याचा वेगळा ऐकू येत होता. डावा कान अर्धा गेलाय माझा, तरीसुद्धा.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. माय सगळ्या गल्लीला तिळगूळ देऊन आली. माझा लाडू कोनाड्यात ठेवला आणि भिंतीला म्हणाली, "घे म्हनावं." पुढचं 'गोड बोल' काही आलं नाही.

लाडू खाल्ला. गूळ चांगला होता.

१८ जानेवारी, शुक्रवार

शरयूताई रेकॉर्डिंगला घरी आल्या. त्यांना म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी पाहिजेत. चार गावं हिंडून झाली, आज आमची पाळी. माय आणि शेजारच्या तुळजाबाई समोरासमोर बसल्या. आधी मायनं कोल्ह्याची आणि गुरवाची गोष्ट सांगितली, तुळजाबाई दर वाक्याला "हं." मग तुळजाबाईंनी सांगितली आणि मायनं हं भरला.

मायची गोष्ट चालू असताना तुळजाबाईंना खोकल्याची ढास लागली. माय मधेच थांबली, ती थांबूनच राहिली. शरयूताई म्हणाल्या, आजी, पुढं सांगा ना. तर माय म्हणते, "कुनी हं म्हनल्याबिगर गोष्ट पुढं कशी सरकंल, बाई?"

मी हेडफोन लावून कोपऱ्यात बसलो होतो. मायचा आवाज इतका जवळून तीन वर्षांत ऐकला नव्हता. श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

२१ जानेवारी, सोमवार

शरयूताईंशी आज माझं जोरदार वाजलं. एवढ्या गोष्टी गोळा केल्या, आणि आता सगळ्या काढून टाकणार. ठेवणार काय? तर नुसते हं! चार गावच्या म्हाताऱ्यांचे हं. मी म्हटलं, ताई, ही तर दाणे उधळून फोलपटं पोत्यात भरायची गत झाली. त्यांचं म्हणणं असं, की सांगणाऱ्याचं सगळेच जपून ठेवतात, ऐकणाऱ्याचं कुणीच ठेवत नाही. बोलायला बरं वाटतं. पटलं असं काही मी सांगितलं नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

सर्किट जमलं! दोन दिवस खपलो. छताला मधोमध एक माइक टांगलाय. माणूस आत बोलत असेल तोवर काही होत नाही. बोलायचा थांबला की रिलेचा खटका पडतो आणि चोवीसपैकी कुठल्या तरी एका स्पीकरमधून हं येतो, एकेका स्पीकरला एकेका म्हातारीचा. पुढं बोललं की पुन्हा गप्प.

ताईंचा एक नियम आहे. माइकवरचा आवाज सर्किटच्या पुढं कुठंच जाणार नाही. रेकॉर्डिंग नाही, हेडफोन नाही. आत बोललेलं कुणी ऐकायचं नाही. जनरेटरही नको म्हणतात, धडधड आत येईल. मग लाईट गेली तर? म्हणाल्या, गेली तर त्या दिवसापुरती भिंत मुकी.

२६ जानेवारी, शनिवार

शाळेत झेंडावंदन. सवय बिघडली, आवाज बेताचाच ठेवला. मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी विचारलं, भोंग्यांना आज उपास आहे का?

२९ जानेवारी, मंगळवार

आज पहिली पूर्ण चाचणी. ताई म्हणाल्या, काहीतरी बोला, मी बाहेर थांबते. आत अंधार. काय बोलणार? म्हटलं, मी धर्मराज, वडीगोद्रीचा. उजव्या कोपऱ्यातून कुणी तरी म्हातारं म्हणालं, हं. म्हटलं, बॅटरीचं पाणी बदलायचंय. पाठीमागून, हं. सांगताना हसू येतंय, पण अंगावर काटा आला. काही मागत नाही, काही विचारत नाही, नुसतं पुढं सांग म्हणतंय.

आणि मग नऊ नंबरच्या स्पीकरमधून मायचा हं आला.

तुळजाबाईंच्या गोष्टीला तिनं भरलेला. ओळखला मी. शेवटी थोडा वर जातो तिचा. मग वाटलं, पुन्हा यायला पाहिजे. म्हणून बोलत सुटलो. कचरूच्या म्हशीचं सांगितलं, टेम्पोच्या क्लचचं सांगितलं, संक्रांतीच्या लाडवाचं सांगितलं. वाक्य संपवायचं आणि थांबायचं. सात नंबर. सोळा. दोन. पुन्हा सात. बऱ्याच वेळानं नऊ आला. मग आणखी एकदा आला. तीन वर्षांत माझ्या बोलण्याला तिनं पहिल्यांदा हं म्हटलं होतं, आणि तेही दुसरीच्या गोष्टीला म्हटलेलं. मला रडू आलं. खोटं कशाला लिहू?

बाहेर आलो तर ताईंनी विचारलं, चालतंय का सगळं? म्हटलं, नऊ नंबरची वायर एकदा बघून घेतो. वायर बिलकुल ठीक होती.

फोलपटाचं बोललो ते मागं घेतलं. तसं त्यांना सांगितलंसुद्धा.

३ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहायला पाहिजे. उद्या मी यातलं काही बदलून लिहीन.

आज उद्घाटन. ज्यांनी ज्यांनी हं दिले त्या सगळ्या बायकांना टेम्पोनं आणलं होतं. माय, तुळजाबाई, बेबीनंदा आमच्या टेम्पोत. एका वेळी एकच माणूस आत सोडायचं. बाकीच्या बाहेर मांडवात चहा पीत होत्या. तुळजाबाई आत जाऊन आल्या आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, भिंत हं म्हनती, आपल्यावानी!

माझी जागा आतच, प्लायच्या आड, अँप्लिफायरपाशी. तिथं बसलं की आतलं थोडंफार कानावर येतं, म्हणून प्रत्येक वेळी मी मागच्या दारानं बाहेर जाऊन उभा राहत होतो. माय आत आली तेव्हा उठलो नाही. रिले अडकला तर, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे उठायचंच नव्हतं.

माय खाली बसली, बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, "काय गं भित्ती." आणि रोजचंच सुरू केलं. सुनेच्या भाकरीला काठ जाड राहतो. तुळजाबाई परात नेते ती परत देत नाही. हं. हं. घरची भिंत तीन वर्षांत कधी बोलली नव्हती, ही बोलते याची तिला गंमत वाटत असावी. एकदा हसलीसुद्धा.

आणि लाईट गेली. अँप्लिफायरचे सगळे लाल दिवे एकदम विझले, पलीकडच्या मिलची धडधडही थांबली.

मायचं वाक्य संपलं होतं. हं आला नाही. ती थांबली. पुढं बोलेना, उठेना. तुळजाबाईंच्या ढासेला थांबली होती तशीच थांबून राहिली. मी टॉर्च चाचपतोय, ताईंना हाक मारावी का, तर मायला कळेल मी इथं आहे. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "हायेस का?"

मी म्हणालो, "हं."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. ती म्हातारी बाई अंधारात एकटी वाट बघत बसली होती, एवढंच मला दिसत होतं.

मग म्हणाली, "त्या दिशी मी हाक मारलीच न्हाई."

"हं."

"त्यायनी म्हनलं, धर्माला बोलीव. मला वाटलं, पुन्हा भांडत्याल बापलेक, चौकात तमाशा व्हईल. म्हून म्हनलं, येईल की संध्याकाळी. ववा चघळाया दिला अन् पडा म्हनलं."

"हं."

"लोक आले तवा तोंडातून निघून गेलं, हाका मारल्या म्हून. मंग मागं घेता येईना. पोरगं भोंगे बांधून तपाशीत बसलं, मी बघून राह्यले, तरी माझ्यानं बोलवंना. आता त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई. त्याच्यावर राग न्हाई माझा. बघवत न्हाई, म्हून बोलत न्हाई."

मी हं म्हणालो की नाही, आठवत नाही. म्हणालो असेन. ती भिंतीला धरून उठली. बाहेर बेबीनंदानं चपला पुढं केल्या. कुणी तरी विचारलं, कशी वाटली, तर म्हणाली, चांगली हाये. परत येताना टेम्पोत सगळ्या वाटेनं ती बाहेर बघत बसली होती. मी गाडी चालवत होतो आणि अंबडच्या पुढं मला रस्ता नीट दिसत नव्हता.

४ फेब्रुवारी, सोमवार

आधी राग आला. खूप आला. तीन वर्षं! सोयऱ्यांनी तोंड फिरवलं. गावात कुणी कार्ट्याला शिकवायचं झालं की माझं उदाहरण देतात. औरंगाबादला जाऊन मी कान तपासून आलो, डॉक्टरांना विचारलं, तीन गल्ल्यांवरची बाईमाणसाची हाक मला ऐकू यायला पाहिजे होती का? आणि हाक नव्हतीच. सकाळी शटर इतक्या जोरात ओढलं की समोरचा हॉटेलवाला बाहेर आला.

दुपारनंतर राग उतरला. मला रडायला-चिडायला बेबीनंदा तरी होती. मायला कोण होतं? दादांचं शेवटचं बोलणं तिच्या एकटीपाशी, आणि ते तिनं पोचवलं नाही. का, तर पुन्हा भांडण होऊ नये म्हणून. मी सकाळी तोंड सांभाळलं असतं तर तिला भांडणाची भीती वाटली नसती. म्हणजे फिरून माझ्यापाशीच येतं. पण आता ते वेगळ्या रीतीनं येतं. आम्ही दोघांनी मिळून ते ओझं उचललंय, आणि दोघांना वाटत होतं की एकट्याच्याच डोक्यावर आहे.

शरयूताईंना फोन करून सांगितलं, तुमचा नियम माझ्याकडून मोडला. लाईट गेल्यावर मी आत हं म्हणालो. काय ऐकलंत, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

ठरवलंय, मायला कळू द्यायचं नाही. तिनं भिंतीला सांगितलं, मला नाही. चोरून ऐकलेलं आहे. सत्तरीच्या बाईला पुन्हा खाली बघायला कशाला लावायचं? चालू दे घरात चाललंय तसं. भिंतीला सांगेल, मी ऐकेन. बेबीनंदालाही बोललो नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा मायनंच आणला. कप माझ्या हातात दिला. म्हणाली, "धर्मा, लाईट गेल्याचं मला कळल्तं. आत तूच हायेस, ह्ये वळखलं. मंगच सांगितलं."